परमिट रूमची पाटी

महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर एक पाटी हमखास दिसते, ‘बिअर बार अँड परमिट रूम’. आपण ती इतक्यांदा वाचलेली असते की त्यातल्या ‘परमिट’ या शब्दावर नजर थांबत नाही. परमिट कुणाचं? मालकाला बार चालवण्याचा परवाना लागतो, हे उघड आहे. पण पाटीवरचं परमिट त्याचं नव्हे, आत बसून पिणाऱ्याचं.

महाराष्ट्रात आजही १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे. त्याचं मूळ नाव ‘मुंबई दारूबंदी अधिनियम’, आता ‘महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम’. या कायद्याप्रमाणे दारू विकत घेणं, जवळ बाळगणं आणि पिणं या तिन्ही गोष्टींना मुळात मनाई आहे. ज्याच्याकडे परवाना आहे त्याला तेवढी सूट. परवाना एक दिवसाचा, एक वर्षाचा किंवा आजीव मिळतो. दुकानदार बाटलीबरोबर एक दिवसाच्या परवान्याची नोंद स्वतःच करून टाकतो आणि गिऱ्हाइकाला बहुतेक वेळा त्याचा पत्ताही नसतो. म्हणजे कायद्याच्या भाषेत हे दारूबंदीचं राज्य आहे, आणि राज्याच्या अर्थसंकल्पात दारूवरचं उत्पादन शुल्क ही हक्काची, दरवर्षी वाढणारी जमेची बाजू आहे.

हे ढोंग आहे असं म्हणून विषय संपवता येईल. मला मात्र या पाटीच्या मागे गेल्या दीडशे वर्षांचा एक सलग धागा दिसतो. या काळात सरकारं बदलली, हेतू बदलले, कायद्यांची नावं बदलली. पण दर वेळी फास आवळला की गरिबाच्या हातातलं पेय आधीपेक्षा जास्त कडक, आणि शेवटी विषारी, होत गेलं. माडीपासून विषारी हातभट्टीपर्यंतचा हा प्रवास नीट पाहिला तर आज ‘बंदी हवी की नको’ या एकाच प्रश्नाभोवती फिरणारी आपली चर्चा किती अपुरी आहे, हे लक्षात येतं.

माड, मोह आणि मक्ता

इंग्रजांनी दारू आणली, त्याआधी सगळं सोवळं होतं, असं म्हणण्याची आपल्याकडे पद्धत आहे. ते खरं नाही. पेशव्यांच्या रोजनिश्यांना लिहिलेल्या प्रस्तावनेत न्यायमूर्ती रानड्यांनी पेशवाईतल्या मद्यबंदीची माहिती दिली आहे. बंदी कडक होती, आणि तरीही कोकणातल्या कोळी-भंडाऱ्यांसारख्या समाजांना सवलत ठेवावी लागली होती. किनाऱ्यावर माड-ताड होते आणि डोंगरात मोह होता. त्यांच्यापासून निघणारं पेय हा तिथल्या लोकांच्या आहाराचा, देवकार्याचा, लग्न-मर्तिकाचा भाग होता.

माडाची ती माडी, ताडाची ताडी, शिंदीची ती शिंदी. पहाटे उतरवलेली नीरा गोड असते. ऊन चढेल तशी ती आंबते आणि संध्याकाळपर्यंत तिच्यात चार-पाच टक्के मद्यार्क तयार होतो, साधारण आजच्या बिअरइतका. दुसऱ्या दिवशी ती आंबट होऊन वाया जाते. तिचा साठा करता येत नाही आणि ती लांब नेता येत नाही. मोहाची दारू जास्त कडक. पण मोहाचं फूल वर्षातून एकदाच गळतं. ते आदिवासींचं अन्नही आहे, त्यामुळे किती दारू गाळायची यावर घरातल्या कणगीचा धाक असायचा. या काळात कुणी झिंगत नव्हतं, नवरे बायकांना मारत नव्हते, असं मी म्हणणार नाही. पण पेयाचं प्रमाण ऋतू, झाड आणि सणवार मिळून ठरवत होते.

सरकारच्या दृष्टीने यात अडचण एकच होती. घराघरातल्या मडक्यावर कर बसवता येत नाही. तो एका मोठ्या भट्टीवर बसवता येतो. १८७८चा मुंबई अबकारी कायदा आला तो या हिशेबातून. झाड छेदायला परवाना, झाडावर कर, दारू गाळायला परवाना आणि विक्रीला मक्ता. घरगुती गाळप गुन्हा ठरला आणि ठरावीक भट्ट्यांमधला माल गुत्त्यांवर जाऊ लागला. मुंबईला पुरवठा करणाऱ्या उरणच्या भट्ट्या याच काळात भरभराटीला आल्या. झाडावरचा कर वाढत गेला तसं माडी-ताडी उतरवणाऱ्यांचं कंबरडं मोडलं. माडी महागली आणि गुत्त्यावरची कडक दारू तिच्या तुलनेत परवडू लागली.

ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत तरीही चोरून मोह गाळला जात होता. त्यावर सरकारने १८९२ साली मोहाच्या फुलांसाठीच वेगळा कायदा केला. दारू सोडाच, फुलं जवळ बाळगण्यावर आणि त्यांच्या व्यापारावरच निर्बंध आले. वारली, कातकरी, ठाकर यांच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की आजीने अंगणात वाळत घातलेलं अन्न हा आता पोलिसी पुरावा होता. इंद्रा मुन्शी सालढाणा आणि डेव्हिड हार्डिमन या अभ्यासकांनी ठाणे आणि दक्षिण गुजरात या भागांतल्या या बदलाबद्दल सविस्तर लिहिलं आहे. गुत्तेवालाच बहुधा सावकार असायचा आणि कधी जमीनदारही. उधारीवर दारू, दारूपायी कर्ज, कर्जापायी जमीन आणि जमीन गेल्यावर वेठ, अशी ती साखळी होती.

‘कमीत कमी मद्यपान आणि जास्तीत जास्त महसूल’ हे सरकारचं जाहीर धोरण होतं. पहिला भाग भाषणात राहिला, दुसरा तिजोरीत जमा झाला. १९२०च्या दशकात मुंबई इलाख्याच्या उत्पन्नाचा सुमारे पाव हिस्सा अबकारीतून येत होता.

सुधाकर आणि सलाबाई

मराठी सुशिक्षितांना ही गोष्ट दिसत नव्हती असं नाही. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सदस्य असताना, १८८० साली, त्यांनी शहरात वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांबद्दल नगरपालिकेकडे लेखी तक्रार केली होती. १९०८मध्ये पुण्यात टिळकांच्या अनुयायांनी गुत्त्यांसमोर निदर्शनं केली. पिणाऱ्याला हात जोडून परत पाठवायचं, अशी त्यांची रीत होती. मद्यपानविरोध आणि सरकारविरोध यांची गाठ तेव्हाच पडली. सरकारचं उत्पन्न बुडवायचं असेल तर गुत्ता बंद पाडा, हे साधं गणित होतं.

पण दारूचं जे चित्र मराठी मनावर कोरलं गेलं, ते गडकऱ्यांच्या ‘एकच प्याला’चं. नाटक रंगभूमीवर आलं १९१९च्या फेब्रुवारीत, गडकऱ्यांच्या मृत्यूनंतर महिन्याभरात. सुधाकर वकील आहे, हुशार आहे, मानी आहे. अपमान विसरण्यासाठी तो एक प्याला घेतो आणि संपतो. सिंधू सगळं सोसते आणि मरते. नाटकाची ताकद मोठी आहे, ते मला मान्य आहे. पण त्याने आपल्याला दारूकडे पाहायचा जो चष्मा दिला त्यात एका माणसाचा एक मोह असतो आणि त्याचं अधःपतन असतं. दोष पिणाऱ्याच्या मनाच्या दुबळेपणाचा. त्या काळात ठाणे जिल्ह्यात दारू कोण गाळत होतं, कोण विकत होतं, तिचे पैसे कुठे जात होते, या प्रश्नांना त्या चित्रात जागा नव्हती.

ती जागा दुसऱ्याच लोकांनी घेतली. १९२१-२२च्या सुमारास पालघरच्या किनाऱ्यावरच्या कोळी वस्त्यांमधून एक देवी निघाली. सुरुवातीला ती देवीच्या रोगाची शांत करण्यापुरती होती. गावोगाव बायकापुरुषांच्या अंगात येत ती डोंगराकडे सरकली. नाशिकचा पश्चिम भाग आणि डांग ओलांडून १९२२च्या अखेरीस सुरत जिल्ह्यात पोहोचेपर्यंत तिच्या आज्ञा बदलल्या होत्या. दारू सोडा, ताडी सोडा, रोज आंघोळ करा, गुत्तेवाल्याकडे काम करू नका. तिकडे तिला सलाबाई म्हणत. हजारो आदिवासींनी मडकी फोडली. हार्डिमन यांनी या चळवळीवर एक पुस्तकच लिहिलं आहे. मला त्यातली महत्त्वाची वाटलेली गोष्ट अशी, की गांधीजींचे कार्यकर्ते तिथे नंतर पोहोचले. ज्या लोकांना इंग्रज अधिकारी ‘जन्मजात दारुडे’ समजत होते, त्यांनी दारूमागचा गुत्तेवाला आणि गुत्तेवाल्यामागचं कर्ज स्वतःच ओळखलं होतं.

पुढे अनेक ठिकाणी लोक पुन्हा पिऊ लागले. पण ही चळवळ नोंदवून ठेवायला हवी. आपल्याकडे दारूविरोधाचा इतिहास शहरातून खेड्याकडे गेला असं मानलं जातं. तो बऱ्याचदा उलट वाहिला आहे.

गिल्डर, मोरारजी आणि दहा टक्के

१९१९च्या सुधारणांनी शिक्षण आणि अबकारी ही दोन्ही खाती देशी मंत्र्यांकडे सोपवली होती. शाळा चालवायची तर पैसा दारूचा, असा हा पेच होता, आणि गांधीजींनी त्यावर वारंवार बोट ठेवलं. १९३७ साली बाळासाहेब खेरांचं काँग्रेस मंत्रिमंडळ आलं तेव्हा पेच प्रत्यक्ष सोडवायची वेळ आली. अबकारी खातं डॉ. गिल्डर यांच्याकडे होतं. ते मुंबईतले नामवंत हृदयरोगतज्ज्ञ होते आणि पारशी होते. दारूच्या व्यवसायात पारशी समाजाचा मोठा वाटा असल्यामुळे घरच्यांचाच रोष त्यांनी ओढवून घेतला.

१ ऑगस्ट १९३९पासून मुंबई शहरात दारूबंदी लागू झाली. बुडणाऱ्या महसुलाची भरपाई म्हणून शहरातल्या स्थावर मालमत्तेवर दहा टक्के कर बसवण्यात आला. माझ्या माहितीत गरिबाने पिणं थांबवावं म्हणून श्रीमंताच्या घरावर कर बसवण्याचा असा प्रयोग आपल्याकडे पुन्हा झालेला नाही. ओरड प्रचंड झाली. पण निदान त्या सरकारने हिशेब उघड मांडला होता. बंदी फुकट होत नाही आणि तिची किंमत कुणीतरी द्यायची असते, हे तो कर सांगत होता. नोव्हेंबरमध्ये मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि प्रयोग विस्कटला.

स्वातंत्र्यानंतर तो जास्त जोरात परतला. १९४९चा कायदा झाला आणि एप्रिल १९५०पासून संपूर्ण मुंबई राज्यात दारूबंदी आली. मोरारजी देसाई आधी गृहमंत्री आणि मग मुख्यमंत्री. बलसारा नावाच्या नागरिकाने कायद्याला आव्हान दिलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १९५१च्या निकालाने कायद्याचा बराचसा भाग टिकला. मद्यार्क असलेली औषधं आणि प्रसाधनं मात्र बंदीतून वगळावी लागली. डॉक्टरचा दाखला मिळवणाऱ्याला प्रकृतीच्या कारणासाठी परमिट मिळे. परळच्या गिरणी कामगाराला असा दाखला कोण देणार?

आता ज्या गोष्टीचा मी सुरुवातीला उल्लेख केला ती इथे सर्वांत स्पष्ट दिसते. दारू चोरून न्यायची असेल तर ती कमी जागेत मावणारी हवी, टिकणारी हवी आणि थोडक्यात चढणारी हवी. माडीत यातलं काहीच नाही. ती मडकंभर लागते, वास मारते आणि एका दिवसात नासते. म्हणून बंदीने सर्वांत आधी माडी संपवली. तिच्या जागी हातभट्टी आली. काळा गूळ, नवसागर, सडलेली फळं घालून पिंपात आंबवलेलं रसायन आणि त्यापासून काढलेली ‘पहिल्या धारेची’. मोटारीच्या रबरी ट्यूबमध्ये भरून ती शहरभर फिरे. ज्यांना तीही परवडत नसे ते लाकडाला लावायचं फ्रेंच पॉलिश प्यायचे. धारावी-माटुंग्यात वरदराजन मुदलियारचं साम्राज्य ज्या धंद्यांवर उभं राहिलं त्यात हातभट्टी अग्रभागी होती. पोलिसांचा हप्ता हा शब्द घरोघरी झाला तोही याच काळात.

१९६० नंतर महाराष्ट्र सरकारने हळूहळू दोर सैल सोडला. परमिटं सोपी झाली आणि ती वापरण्यासाठी ‘परमिट रूम’ निघाल्या. १९७३मध्ये देशी दारूचे नियम आले आणि सरकारमान्य देशी दारूची दुकानं उघडली. कच्चा माल आता मोहाचा नव्हता, साखर कारखान्यांच्या मळीचा होता. सहकारी साखर कारखाना, त्याच्या मळीवरची आसवनी आणि त्यावरचं शुल्क, अशी नवी साखळी तयार झाली. उरणच्या मक्तेदाराची जागा अनेकांनी मिळून घेतली. आणि दारूबंदीचा कायदा? तो रद्द केला नाही. त्याच्या पोटात सवलतींची भोकं पाडत त्याला जिवंत ठेवलं.

पगाराचा दिवस

मी परळच्या चाळीत वाढलो. सत्तरच्या दशकाच्या शेवटी आमच्या गल्लीच्या टोकाला एक आंटी होती. खरं नाव कुणालाच ठाऊक नसावं. नवरा नव्हता, तीन मुलं होती. खोलीत दोन बाकडी, काचेचे छोटे ग्लास आणि बशीत उकडलेले चणे. लहान मुलांनी तिकडे फिरकायचं नाही असा दंडक होता, त्यामुळे तिथलं सगळं आम्हाला तपशीलवार माहीत होतं.

त्याहून जास्त लक्षात राहिला आहे तो गिरणीचा पगाराचा दिवस. त्या दिवशी दुपारी चाळीतल्या बायका घाईघाईत कामं उरकून गिरणीच्या गेटवर जाऊन उभ्या राहत. काही काखेत पोर घेऊन. भोंगा झाला की नवऱ्याला गाठायचं आणि पाकीट हातात घ्यायचं. गेट ते घर या अंतरात आंटी, सावकाराचा पठाण आणि मटक्याचा अड्डा असे तिघे उभे असत. ज्या बाईला तापामुळे किंवा बाळंतपणामुळे गेटवर जाता येत नसे, तिच्या घरी त्या महिन्यात वाण्याची उधारी वाढे. माझी आई हे सगळं एखाद्या वेळापत्रकासारखं सांगायची, त्यात राग नसायचा.

आमच्या शेजारचे काका दारूने गेले. कामाला वाघ होते, कबड्डी उत्तम खेळायचे. सकाळी हात थरथरायचे म्हणून पहिला घोट, तो घेतला की हात स्थिर, हे मी रोज पाहत होतो. शेवटी डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं. सरकारी रुग्णालयात पाणी काढून घरी पाठवलं आणि सांगितलं, दारू सोडा. कशी सोडायची, ते सांगणारं तेव्हा कुणीच नव्हतं. सवय जडलेल्या माणसाने एकाएकी दारू तोडली तर त्याला झटके येऊ शकतात, भास होऊ शकतात, जीवही जाऊ शकतो. ते काम डॉक्टरच्या देखरेखीखाली करावं लागतं. काकांनी दोनदा स्वतःच्या हिमतीवर सोडली. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवशी त्यांना भिंतीवर किडे दिसू लागले, आणि चाळीत ठरलं की बाहेरची बाधा झाली.

काकांना कायदा माहीत होता. त्यात ते ‘गुन्हेगार’ होते. कीर्तनकाराच्या निरूपणात ते ‘पापी’ होते. ‘रुग्ण’ हा शब्द त्यांच्या वाट्याला आला नाही.

विष

साधा मद्यार्क म्हणजे इथेनॉल. रंग, लाख, पॉलिश यांसाठी कारखान्यात वापरतात ते मिथेनॉल दिसायला आणि वासाला जवळपास तसंच असतं, पण स्वस्त असतं आणि त्यावर दारूचं शुल्क नसतं. हातभट्टीवाला नफा वाढवण्यासाठी ते मिसळतो. शरीर मिथेनॉलचं रूपांतर आधी फॉर्माल्डिहाइडमध्ये आणि मग फॉर्मिक आम्लात करतं. हे आम्ल दृष्टीच्या मज्जातंतूवर हल्ला करतं. एक-दोन चमचे शुद्ध मिथेनॉलनेही डोळे जाऊ शकतात. विचित्र गोष्ट अशी की त्याचा एक उतारा साधं इथेनॉलच आहे. यकृत आधी इथेनॉलला हात घालतं आणि तेवढ्यात मिथेनॉल बाहेर टाकायला वेळ मिळतो. म्हणजे वेळीच रुग्णालयात पोहोचलेला माणूस वाचू शकतो. पण बेकायदा दारू पिऊन आजारी पडलेला माणूस पोलिसांच्या भीतीने घरीच पडून राहतो. डोळ्यांपुढे धुकं येईपर्यंत त्याला ती नेहमीची उतरती नशाच वाटत असते.

डिसेंबर २००४मध्ये विक्रोळीत अशा दारूने ऐंशीहून अधिक माणसं मेली. जून २०१५मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक. मेलेल्यांत बहुतेक रोजंदारीवरचे होते. दर वेळी काही पोलीस निलंबित झाले, काही भट्ट्या फुटल्या आणि वस्तीत विधवांची संख्या वाढली. मुंबईत तेव्हा बंदी नव्हती, हे लक्षात घ्यायला हवं. सरकारमान्य देशी दारू चार पावलांवर मिळत होती. तिच्यावरचं शुल्क आणि हातावर पोट असलेल्याच्या खिशातली नाणी यांच्यातल्या फटीत मिथेनॉल शिरलं. महसुलाची भूकसुद्धा बंदीइतकंच विष पाजू शकते, हे १८७८पासूनचं सत्य मालवणीत पुन्हा दिसलं.

आडवी बाटली

इथपर्यंतचा इतिहास वाचून कुणी म्हणेल, मग बंदी नकोच. मीही त्याच मताला आलो असतो, मधे शहाद्याच्या बायका नसत्या तर.

१९७२-७३मध्ये, दुष्काळाच्या त्या वर्षांत, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहादा भागात श्रमिक संघटनेच्या शिबिरांमधून भिल्ल बायका उठल्या आणि गावोगाव जाऊन दारूची मडकी फोडू लागल्या. संघटना शेतमजुरांच्या मजुरीसाठी आणि जमिनीसाठी लढत होती. मजुरी वाढली तर ती गुत्त्यात जाते आणि घरी मार वाढतो, हे बायकांनी सांगितलं आणि विषयपत्रिका बदलली. सलाबाईच्या वेळी बायकांच्या अंगात देवी यावी लागली होती. पन्नास वर्षांनी त्यांना देवीची गरज उरली नव्हती.

गडचिरोलीत १९८८च्या सुमारास सुरू झालेल्या लोकआंदोलनाने १९९३मध्ये जिल्हा दारूबंदी मिळवली. डॉ. राणी आणि अभय बंग यांच्या ‘सर्च’चं काम त्यामागे होतं, आणि गावागावांचे ठरावही. वर्ध्यात त्याआधीच, गांधी-विनोबांचा जिल्हा म्हणून, बंदी होती. चंद्रपुरात मोर्चे काढून बायकांनी २०१५मध्ये बंदी मिळवली आणि २०२१मध्ये सरकारने ती उठवली. कारण दिलं गेलं ते चोरट्या दारूचं आणि गुन्हेगारीचं. ते कारण खोटं नव्हतं. पण ज्या बायका पायी चालत गेल्या होत्या त्यांना त्याआधी पुन्हा कुणी विचारलं नाही.

गाव किंवा वॉर्ड पातळीवर दुकान बंद करायचं तर मतदान घेण्याची तरतूद आपल्या राज्यात आहे. मतपत्रिकेवर दोन चित्रं असतात. उभी बाटली म्हणजे दुकान राहू द्या, आडवी बाटली म्हणजे बंद करा. महाराष्ट्रातल्या अनेक खेड्यांत बायकांनी ही आडवी बाटली जिंकून दाखवली आहे. पण त्यात एक मेख आहे. मतदानाला आलेल्यांच्या नव्हे, यादीतल्या एकूण मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं आडव्या बाटलीला लागतात. ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली, नवऱ्याने घराबाहेर पडू न दिलेली, इतकंच काय, मेलेली पण यादीत उरलेली, या सगळ्या बायका उभ्या बाटलीच्या बाजूने मोजल्या जातात. आमदार निवडायला हा नियम लावला तर किती जण विधानसभेत पोहोचतील, याचा विचार करून पाहावा.

या बायका जेव्हा बंदी मागतात तेव्हा त्या मद्यार्काच्या रसायनशास्त्राबद्दल बोलत नसतात. घरापासून शंभर पावलांवर, पगाराच्या वाटेवर, सरकारच्या परवान्याने उभ्या असलेल्या दुकानाबद्दल बोलत असतात. त्या अंतराबद्दल त्यांना जे कळतं ते मुंबईत बसून ‘व्यक्तिस्वातंत्र्य’ म्हणणाऱ्या मला कळत नाही, आणि म्हणून त्यांच्या मागणीला सरसकट भाबडी म्हणायची माझी तयारी नाही. बंदीनंतर चोरटी दारू येते, हे त्यांनाही ठाऊक असतं. ती आणणाऱ्याला पकडायचं काम सरकारचं, एवढंच त्यांचं म्हणणं असतं.

अडतिसातला एक

२०१९मध्ये केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय खात्यासाठी दिल्लीच्या ‘एम्स’ने केलेल्या देशव्यापी पाहणीचे आकडे प्रसिद्ध झाले. १० ते ७५ वयोगटातले सुमारे १६ कोटी भारतीय दारू पितात. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के आहे, स्त्रियांत १.६ टक्के. पिणाऱ्यांतल्या सगळ्यांना व्यसन नसतं. पण ५.७ कोटींहून अधिक माणसांचं पिणं त्यांना अपाय करण्याच्या किंवा सुटता न सुटण्याच्या पातळीवर गेलेलं आहे. या पाहणीतला मला सर्वांत बोचलेला आकडा वेगळा आहे. दारूचं व्यसन जडलेल्या दर ३८ माणसांपैकी फक्त एकाला कोणत्याही प्रकारची उपचार-मदत मिळाली होती.

महाराष्ट्रात उपचाराची परंपराच नाही, असं नाही. पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी ‘मुक्तांगण’ सुरू केलं. मुंबई-पुण्यातल्या गर्दच्या साथीवर अवचटांनी लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेल्या देणगीतून ते उभं राहिलं. गर्द आणि दारू, दोन्हींचे रुग्ण तिथे येऊ लागले. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभा त्याच्या कितीतरी आधीपासून मुंबईत भरत होत्या. या लोकांनी मराठीत एक साधी गोष्ट रुजवली, की दारुडा हा आजारी माणूस आहे, त्याच्याशी भाषणाने नव्हे तर उपचाराने बोलावं, आणि त्याच्या बायकोलाही आधाराची गरज असते. दीडशे वर्षांच्या महसूल आणि बंदीच्या खेळात ही गोष्ट सरकारी कागदात कुठेच नव्हती.

आता सगळा हिशेब एकत्र मांडून पाहा. १८७८च्या कायद्याने झाडं मोजली. १८९२च्या कायद्याने फुलं मोजली. १९४९च्या कायद्याने बाटल्या आणि परमिटं मोजली. आजचा विभाग लिटर आणि कोटी रुपये मोजतो, आणि दर मार्चअखेर उद्दिष्ट पूर्ण झाल्याचं समाधान व्यक्त करतो. माणसं मोजायची वेळ फक्त मालवणीसारख्या ठिकाणी येते, शवागाराच्या दारात.

म्हणून दारूबंदी हवी की नको, या प्रश्नाआधी मला दुसरे दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. दारूवर जमा होणाऱ्या प्रत्येक शंभर रुपयांतले किती रुपये तालुक्याच्या रुग्णालयात व्यसनाच्या उपचारासाठी एक खाट, एक डॉक्टर आणि एक समुपदेशक ठेवायला जातात? आणि आडव्या बाटलीच्या मतदानात न आलेल्या बाईचं मत उभ्या बाटलीला का धरायचं? पहिल्याचं उत्तर अर्थसंकल्पात शोधता येतं. दुसऱ्याचं बदलायला एक शासन निर्णय पुरेसा आहे. दोन्हींसाठी नवा कायदा लागत नाही, आणि बंदीच्या बाजूचे आणि विरोधातले, दोघेही ही मागणी एकत्र करू शकतात. परळच्या त्या गेटवर उभ्या राहणाऱ्या बायकांनी निदान एवढं तरी नक्की मागितलं असतं.